माझंच लक्ष नव्हतं

कारखान्यात कुणी अडखळून पडलं की आजूबाजूचे धावतात, हात देतात, आणि पडलेला माणूस गुडघे झटकत म्हणतो, "काही नाही, काही नाही, माझंच लक्ष नव्हतं." ऑपरेटर असो, क्वालिटीतला इंजिनिअर असो नाहीतर ऑडिटला आलेला पाहुणा, वाक्य हेच. चाकण-तळेगाव पट्ट्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करताना मी ते इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता मला त्या वाक्याचाच राग येतो. माणसाचा नाही. त्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मनगट सुजतंय का बघायचं, आणि मग तो जिथे पडला तिथली जमीन बघायला जायचं. बहुतेक वेळा तिथे काहीतरी सापडतंच.

मशिनमध्ये बोट सापडलं तर कुणी हसत नाही. शॉक बसला तर इलेक्ट्रिशियनला जाब विचारला जातो. अडखळून पडणं मात्र लहान मुलांचं, म्हाताऱ्यांचं नाहीतर वेंधळ्यांचं काम, अशी आपली समजूत. त्यामुळे धडधाकट माणूस पडला की दुखण्याच्या आधी त्याला लाज वाटते. कुणी पाहिलं का, हे तो आधी बघतो, आणि पाहिलं नसेल तर गोष्ट तिथेच मिटते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगितलंच नाही तर मागच्याने शहाणं व्हायचं कसं? तोही त्याच जागी ठेचकाळतो, तोही लाजतो, तोही गप्प बसतो.

ही किरकोळ बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा नंबर लागतो. त्यात उंचावरून पडणं आलं, घरातल्या वृद्धांचं पडणंही आलं. फक्त कामाच्या जागेपुरतं बोलायचं तर ब्रिटनसारख्या, नोंदी नीट ठेवणाऱ्या देशात कर्मचाऱ्यांना होणाऱ्या, जीवावर न बेतलेल्या दुखापतींपैकी ३० टक्क्यांच्या आसपास दुखापती सपाट जमिनीवर घसरून किंवा अडखळून होतात. एवढ्या यंत्रांच्या, रसायनांच्या आणि विजेच्या गर्दीत पहिला नंबर साध्या जमिनीचा लागतो.

हे असं का, ते समजायला आपण चालतो कसे ते बघावं लागतं. एक पाय टेकलेला असतो आणि दुसरा मागून पुढे येत असतो. तो आपल्याला वाटतो तितका उचललेला नसतो. टेकलेल्या पायाच्या बाजूने जाताना बुटाचं टोक आणि फरशी यांच्यात दीड सेंटीमीटरच्या आसपास जागा उरते, कित्येकदा त्याहूनही कमी. आणि साधारण त्याच क्षणी तो पाय सर्वांत वेगात असतो, शरीराचा भार पुढे निघालेला असतो. तिथे एक सेंटीमीटरचं काहीही मध्ये आलं की पाय थांबतो, धड थांबत नाही. डोळ्यांचंही तसंच आहे. सपाट वाटेवर कुणी पायाकडे बघत चालत नाही. नजर काही पावलं पुढे असते, समोरून येणाऱ्या माणसांवर, ट्रॉलीवर, फोर्कलिफ्टवर. चालण्याची रीतच तशी आहे, आणि ती बरोबर आहे. शॉपमध्ये, म्हणजे मशिनं चालतात त्या शेडमध्ये, खाली मान घालून चालणारा माणूस फोर्कलिफ्टच्या पुढ्यात जाईल.

म्हणून वाटेत गुडघ्याएवढा खोका पडला असेल तर मला फार धास्ती वाटत नाही. तो दिसतो. जुन्या वाड्यातला उंबरठा चांगला वीतभर उंच असायचा, पण घरच्या माणसाला त्याची ठेच लागत नसे; तो कायम त्याच जागी असे आणि पाय आपोआप उचलला जाई. पाडतात त्या बुटक्या, फरशीच्या रंगात मिसळलेल्या, काल नव्हत्या आणि आज आहेत अशा वस्तू. जिन्याचंही तेच. राष्ट्रीय इमारत संहितेत सार्वजनिक इमारतींच्या पायरीची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको असं आहे, आणि ते योग्यच. पण मी टेप लावते ती सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत का हे बघायला. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंची शिकून घेतो आणि उरलेला जिना त्या शिकवणीवर चढतो. खालच्या मजल्यावर जुन्या लादीवर नवीन लादी बसवली की सगळ्यात खालची पायरी तेवढी बुटकी होते. लादी बसवणाऱ्याला ते कुणी सांगत नाही, आणि उतरणाऱ्याचा पाय शेवटच्या पायरीवर अपेक्षेआधीच आपटतो.

असाच एक बोल्ट माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. शॉपमधली एक जुनी पॉवर प्रेस दुसऱ्या शेडमध्ये हलवली. तिला जमिनीत जखडणारे फाउंडेशन बोल्ट गॅसने कापले. कापणाऱ्याला काम मिळालं होतं मशिन मोकळं करायचं. फरशी सपाट करायची हे त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये नव्हतं. त्यामुळे चार खुंट राहिले, फरशीच्या वर अंगठ्याच्या नखाएवढे. पुढे एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आलं, तेव्हा सगळ्या फरशीला करडा इपॉक्सी रंग मारला. रोलर खुंटांवरूनही फिरला. आता खुंट आणि फरशी एकाच रंगाचे झाले, एकसारखे चकचकीत. प्रेस गेल्यामुळे तिथे मोकळी जागा झाली होती आणि मोकळ्या जागेतून कँटीनला जायची जवळची वाट पडली होती. पिवळ्या पट्ट्यांचा अधिकृत गँगवे लांबून वळसा घालून जात होता. अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवून यायचं असलेला माणूस वळसा घालत नाही, आणि त्याने घालावा असा आग्रह धरणंही मला पटत नाही.

तिथे किती जण अडखळले असतील, देव जाणे. नोंद एकाचीही नव्हती. शेवटी एका मुलाने जेवणाच्या सुट्टीत तोंडावर आपटून ओठ फोडून घेतला. शिफ्ट इन्चार्जने रिपोर्टमध्ये लिहिलं, "कामगार घाईत होता." मी वाकून फरशीवरून हात फिरवला तेव्हा खुंट तळव्याला लागला, डोळ्यांना तो तोपर्यंत दिसला नव्हता. चारही खुंट ग्राइंडरने घासून सपाट करायला फिटरला एक चहा होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. तेव्हापासून मशिन हलवण्याच्या प्रत्येक वर्क ऑर्डरमध्ये मी एक ओळ घालून घेते: फरशी हाताला सपाट लागेपर्यंत काम पूर्ण समजू नये.

"कामगार घाईत होता" हे काही त्या इन्चार्जच्या मनातून आलेलं वाक्य नाही. त्यामागे जवळपास शंभर वर्षांची परंपरा आहे. १९३१ मध्ये हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने मांडलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. ज्या कागदपत्रांवरून त्याने हा आकडा काढला ती पुढे कुणाला तपासायला मिळाली नाहीत, अनेक अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, तरी आकडा टिकून राहिला. आजही तो प्रशिक्षणाच्या स्लाइडवर असतो. दर ४ मार्चला, म्हणजे १९६६ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली त्या दिवशी, कारखान्या-कारखान्यांत राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. बिल्ले लावतात, शपथ घेतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा चिठ्ठ्या वाचून मन खट्टू होतं. बहुतेक सगळी घोषवाक्यं कामगारालाच बजावतात: लक्ष द्या, सावध राहा, घरी कुणीतरी वाट बघतंय. आणि लिहिणारेही कामगारच.

कायदा मात्र वेगळं बोलतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम ३२ उघडून बघा. सगळ्या फरश्या, पायऱ्या, जिने, वाटा पक्क्या बांधणीच्या असाव्यात, त्यांची नीट देखभाल व्हावी, त्या अडथळ्यांपासून आणि पाय घसरेल अशा पदार्थांपासून मोकळ्या ठेवाव्यात. चालणाऱ्याने लक्ष द्यावं, असं त्या कलमात नाही. जबाबदारी जमिनीची, म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची. आता तो अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे, पण त्या जुन्या कलमातली साधी, सरळ भाषा मी नवीन मुलांना अजून वाचून दाखवते.

धोक्याचं मूल्यमापन करताना आम्ही एक तक्ता भरतो. घडण्याची शक्यता किती, घडलं तर तीव्रता किती, दोन्हींचा गुणाकार. वाटेतल्या एअर पाइपच्या, म्हणजे दाबाची हवा नेणाऱ्या नळीच्या, पुढे तीव्रता म्हणून सर्रास १ लिहिलेलं असतं, फार तर खरचटेल या हिशोबाने. इथे माझं नेहमी भांडण होतं. घसरलेला माणूस बहुधा मागे पडतो, अडखळलेला पुढे पडतो. पुढे पडताना हात पुढे जातात, म्हणून मनगटं मोडतात. हातात क्रेट असेल तर तो सुटत नाही, आणि मग फरशीवर तोंड आपटतं. तेव्हा पाइपाकडे बघून काहीच कळणार नाही. पाइपाच्या पुढे दोन पावलांवर काय आहे ते बघायला हवं. स्टोअरच्या वाटेवर असेल तर गुडघा फुटेल. तोच पाइप प्रेस शॉपमध्ये पत्र्याच्या कात्रणांच्या पेटीपुढे असेल तर पसरलेले दोन्ही तळहात पत्र्याच्या धारेवर जातील. तापलेले भाग बुडवून थंड करायच्या क्वेंचिंगच्या तेलटाकीजवळ, गरम डायजवळ (साच्याजवळ), मेझनाइनच्या म्हणजे पोटमाळ्याच्या जिन्याच्या तोंडाशी असेल तर जीवाशी गाठ आहे. आमच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे, "पडला तर कशावर?" तो भरायला लागल्यापासून पूर्वी १ मिळालेल्या कित्येक ओळी ४ आणि ५ वर गेल्या आहेत, आणि मेंटेनन्सकडून कामं कुठल्या क्रमाने करून घ्यायची याचा वाद बराच कमी झाला आहे.

आता पाइप तिथे आलाच का, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. फॅब्रिकेशनमध्ये एका वेल्डरची केबल रोज गँगवे ओलांडून जायची. रोज सुपरवायझर ओरडायचा, रोज ती तासभर बाजूला व्हायची आणि परत यायची. मी विचारलं, "दादा, केबल इथूनच का नेता?"

"मॅडम, ह्या बाजूला सॉकेट एकच आहे, त्यावर ग्राइंडर चालतो. वरून न्यावी तर हुक नाही. उडवत नेऊ का?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वेल्डिंगचं काम एकीकडे आणि वीज दुसरीकडे, अशी मांडणी ज्याने केली त्याने ती केबल वाटेत टाकली होती. वेल्डर फक्त रोज त्यावरून बोलणी खात होता. खांबांना डोक्याच्या वर हुक बसवले, पलीकडे एक सॉकेट दिलं, केबल वर गेली. एअर पाइपांसाठी वरून लटकणारी, आपोआप गुंडाळणारी रीळं मिळतात, ती लावली. सॉकेट येईपर्यंतचे आठवडे काळ्या-पिवळ्या रबरी पट्टीखाली काढले, पण ती पट्टीसुद्धा ट्रॉली ओढणाऱ्याला एक टेंगूळच असते. म्हणून मी तिच्यावर तारीख लिहून ठेवते, या तारखेला ती निघाली पाहिजे. धोक्याची पाटी आणि पिवळी टेप यांच्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे. जे काढता येतं त्याला टेप लावणं म्हणजे काम पुढे ढकलणं. हिंजवडीच्या चकाचक ऑफिसांतही वेगळं नसतं. तिथे वेल्डिंगच्या केबलऐवजी लॅपटॉपचे चार्जर आणि उचललेल्या कोपऱ्याचे कार्पेटचे तुकडे असतात, आणि कारण तेच, टेबलं हलली आणि पॉइंट जागच्या जागी राहिले.

लाजेची किंमत कामगार पैशातही मोजतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. एका ठिकाणी मी हे जवळून पाहिलं. तिथे गेटवर मोठा बोर्ड होता, "अपघातविरहित दिवस". आकडा वाढत जाईल तशी मिठाई वाटत. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखाना निरीक्षकाला कळवावं लागतं. म्हणून पाय मुरगळलेल्या माणसाला कंपनीच्या गाडीने घरून आणायचे, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवायचे आणि हजेरी लावायचे. पॅकिंगमधल्या एका कंत्राटी मुलाचं पॅलेटच्या तुटक्या फळीत पाय अडकून मनगट मोडलं. ठेकेदाराने त्याला ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, दवाखान्यात नेताना सांगितलं, घरी बाथरूममध्ये पडलो म्हण. त्यालाही तेच बरं वाटलं, कारण फळीत पाय अडकला हे सांगायची लाज आणि उद्यापासून येऊ नको म्हणतील ही भीती.

यात त्याचं काय गेलं ते बघा. कामावर झालेल्या दुखापतीने तात्पुरतं अपंगत्व आलं तर ईएसआयकडून सरासरी मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, बरं होईपर्यंत मिळते, आणि नोकरीचा पहिला दिवस असला तरी मिळते. घरी पडलो म्हटलं की ते साधं आजारपण होतं: ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, तेही आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. तो मुलगा नवीन होता. त्याची वर्गणी पुरेशी झालेली नव्हती. मनगट वाकडं जुळलं तर कायमच्या अपंगत्वाचा जो हक्क असतो, तोही त्या एका खोट्या वाक्याबरोबर गेला. बोर्डावरचा आकडा मात्र दुसऱ्या दिवशी एकाने वाढला. असे बोर्ड काढून टाकावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते अपघात थांबवत नाहीत, बोलणं थांबवतात. बोर्ड लावायचाच असेल तर या महिन्यात किती जणांनी अडखळल्याचं सांगितलं आणि त्यातल्या किती जागा दुरुस्त झाल्या, हे लिहा.

सांगणं सोपं करावं लागतं. आमच्या जुन्या नीअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या, कार्डावर नाव, टोकन नंबर आणि कारणांच्या चौकटी होत्या, पहिली चौकट "निष्काळजीपणा". पेटी रिकामी असायची यात नवल नाही. आता फक्त खांबाचा नंबर लागतो. सी-९ जवळ अडखळलो, एवढं व्हॉट्सॲपवर टाका, जमल्यास फोटो टाका. कोण अडखळलं हे मला नकोच आहे. एकाच खांबाचं नाव दोन वेगळ्या शिफ्टमधून आलं, की चौकशी माणसाची करायची गरज उरत नाही.

पण जमिनीबद्दल सगळ्यात जास्त मला शिकवलं ते हाउसकीपिंगच्या मावशींनी. डिस्पॅचकडे जाणाऱ्या वाटेवर एक खंदक आहे, वरून चेकर्ड प्लेटा टाकलेल्या. मी तिथे टॉर्च घेऊन काहीतरी बघत होते, तर पोछा मारणाऱ्या मावशी थांबल्या.

"मॅडम, तिथं नाही, इथं बघा. इथं पोछा धरतो."

"धरतो म्हणजे?"

"ओढला की अडतो. हे धागे बघा की."

दोन प्लेटांच्या सांध्यात एक कोपरा अगदी किंचित वर आला होता, खालचा स्क्रू गेला होता, आणि त्या कोपऱ्याला पोछ्याचे पांढरे सुती धागे अडकून बसले होते. काही ताजे, काही काळे पडलेले. म्हणजे ती प्लेट बऱ्याच दिवसांपासून उचललेली होती, आणि मावशींना ते तेव्हापासून ठाऊक होतं. त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, अजून कुठे कुठे धरतो, दाखवता?" त्यांनी बादली भिंतीशी लावली आणि मला सगळा मजला फिरवला. कँटीनच्या दारातली शटरची पट्टी, वॉशरूमबाहेरची फुटलेली लादी, टाइम ऑफिसपुढची सैल जाळी, वॉटर कूलरखालून आलेली पाइपलाइन. इन्स्पेक्शनच्या फेऱ्यांमध्ये यातल्या निम्म्या जागा आमच्यापैकी कुणाच्याच यादीत नव्हत्या. साहजिकच आहे. आम्ही जमीन उभ्याने बघतो. त्या रोज सगळी जमीन, इंचन्‌इंच, हाताने ओढून तपासतात. बुटाच्या टोकाला जे लागतं तेच पोछ्याला लागतं, आणि पोछ्याला लाज वाटत नाही.

त्यानंतर प्रत्येक मावशीला एक पिवळा पेंट मार्कर दिला आहे, खडू चालत नाही कारण पोछ्यानेच पुसला जातो. पोछा अडला की तिथे गोल करायचा. मी दर शनिवारी गोल बघत फिरते, "पडला तर कशावर?" हे ठरवते आणि यादी मेंटेनन्सला देते. काम झालं की फिटरने तो गोल मावशींना दाखवून, त्यांच्या समोर पोछा ओढून मगच पुसायचा.

मात्र सेफ्टी कमिटीत त्यांच्यापैकी कुणी नाही. कमिटीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी बसतात, पण मावशी ठेकेदाराच्या, म्हणून त्या कुणाच्याच नाहीत असं धरलं जातं. पुढच्या तिमाही बैठकीसाठी मी लेखी मागणी दिली आहे: एक जागा हाउसकीपिंगला, आणि बैठक दुपारी तीनला नको, कारण तेव्हा त्या कँटीन धूत असतात. प्लांट हेड साहेबांनी जागेला होकार दिला आहे, वेळेचं अजून ठरायचं आहे. बैठकीत पहिला विषय लोडिंग डॉकच्या उताराशी असलेल्या काँक्रीटच्या सांध्याचा घ्यायचा. तिथे गोल करून बरेच दिवस झाले आणि पुढे दोन पावलांवर डॉकची कड आहे. तो पावसाआधी भरून घ्यायला हवा, कारण जून लागला की चिखलासाठी त्याच्यावरच गोणपाट अंथरतात आणि मग गोलही दिसत नाही.